नखातली शीर

विजूताई माझ्या दारात पहिल्यांदा आल्या त्या तक्रार घेऊन. रविवारची सकाळ होती, साडेनऊ वाजले असतील. दार उघडलं तर समोर साठीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, केस घट्ट बांधलेल्या बाई उभ्या. नमस्कार नाही, हसणं नाही.

"मी खालच्या मजल्यावरची. तुमच्या घरात कोणी टाचांच्या चपला घालून दिवसभर फिरतं का?"

"नाही हो. मी एकटीच राहते."

"मग एकट्याच फार चालता."

तेवढ्यात माझ्या मागून बुंदी आली. बुंदी म्हणजे माझी कुत्री. पिवळट अंगावर तपकिरी ठिपके, म्हणून बुंदी. आळंदी रस्त्यावर पिल्लू असताना तिला रिक्षाने धडक दिली होती. तेव्हा मी तिला उचलून दवाखान्यात नेलं आणि नंतर परत सोडायला जमलं नाही. तिचा मागचा उजवा पाय तेव्हापासून थोडा अधू. ती फरशीवरून टकटक करत आली आणि विजूताईंनी खाली पाहिलं.

"हं. म्हणजे चपला हिच्या आहेत." त्या खाली बसल्या, पण बुंदीला हात लावला नाही. मुठीची मागची बाजू पुढे करून थांबल्या. बुंदीने हुंगलं, मग स्वतःच डोकं पुढे केलं. "नखं शेवटची कधी कापली?"

"कुत्र्यांची नखं कापायची असतात?"

"तुमची कापता ना?" एवढं बोलून त्या उठल्या आणि जिना उतरून गेल्या.

मला वाटलं, आता सोसायटीच्या ऑफिसात तक्रार जाणार. पण दहा मिनिटांत त्या परत आल्या, हातात स्टीलचा डबा घेऊन. त्यात नखं कापायची कात्री होती, कानस होती, कॉर्नफ्लोअरची डबी होती आणि उकडलेल्या चिकनचे शेंगदाण्याएवढे तुकडे होते. त्यांच्याकडे चौदा वर्षं एक पॉमेरेनियन होती, चिमी नावाची. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. डबा मात्र तसाच होता, कात्रीला तेल लावलेलं. चिकन त्यांनी कधी उकडलं असेल याचा मी तेव्हा विचार केला नाही. पुढे कळलं, की वरची टकटक त्या महिनाभर ऐकत होत्या आणि ती कुत्र्याचीच आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी समजलं होतं. चपलांचं निव्वळ निमित्त होतं. माणसाशी ओळख करून घ्यायची त्यांची पद्धत अशी होती.

त्या दिवशी त्यांनी एकही नख कापलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी मी बुंदीला फिरवून आणलं की त्या वर यायच्या, जमिनीवर बसायच्या, बुंदीचा एक पंजा हातात घ्यायच्या, बोटांमधून बोट फिरवायच्या, तुकडा द्यायच्या आणि पंजा सोडून द्यायच्या. बुंदीने पाय ओढून घेतला तर लगेच सोडायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी नुसती कात्री शेजारी ठेवली. मग तिचा कट्‌ कट्‌ आवाज केला, हवेतच. आठ दिवस हे चाललं तेव्हा मी म्हटलं, "ताई, आपण कापणार कधी?"

"तुम्हाला घाई आहे का? घाई असेल तर चहा करा. नखं उद्या."

नवव्या दिवशी त्यांनी पहिलं नख कापलं. एकच. आणि डबा बंद केला. "एका दिवसात एक नख झालं तरी पुष्कळ. अठरा नखं एकदम कापून काय बक्षीस मिळणार आहे?"

त्या शनिवार पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीसेक वर्षं रक्त काढायचं काम करत होत्या. माझी नोकरीही त्याच बाजूला, एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. त्यामुळे आमच्या बोलण्याला लवकरच गल्ल्या, दुकानं, ओळखीचे लोक सापडले. त्यांच्या हातांकडे पाहिलं की तीस वर्षांचं काम दिसायचं. बोटं लहान, नखं कापलेली आणि कंप म्हणून नाही. काळ्या नखांची त्यांना धास्ती नव्हती. बुंदीची नखं काळीभोर, आतली शीर दिसायचीच नाही.

"नखाचे दोन भाग," त्या मला शिकवायच्या. "बाहेरचा मेलेला, आतला जिवंत. आपलं काम मेलेल्यापुरतं. काळ्या नखात शीर दिसत नाही. दिसत नाही म्हणून ती नाहीच, असं धरून चालणारे लोक मी लॅबमध्ये फार पाहिलेत."

मग त्या तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापायच्या आणि कापलेली बाजू मला उजेडात दाखवायच्या. आधी ती पांढरट, कोरडी, खडूसारखी दिसते. अजून एक दाणा कापला की मधोमध एक ओलसर, काळपट ठिपका दिसायला लागतो. तो दिसला की थांबायचं. त्याच्या पुढे शीर. शीर कापली तर रक्त येतं आणि दुखतंही फार. "रक्त आलंच तर पुसत बसायचं नाही. कॉर्नफ्लोअर चिमूटभर, आणि बोटाने दाबून धरायचं. आणि त्या दिवशी पुढचं नख कापायचं नाही. तिचा विश्वास उडाला तर तो काही डबीत मिळत नाही."

पुढच्या पायांना आतल्या बाजूला, जरा वर, एक अंगठ्यासारखं नख असतं. ते जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजत नाही. वाढत वाढत वळतं आणि कातडीत घुसतं. हे मला कधी कळलंच नसतं. बुंदीच्या डाव्या पायाचं ते नख जवळजवळ गोल झालं होतं. विजूताईंनी ते तीन आठवड्यांत, थोडं थोडं करून सरळ केलं. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं. "बघ अनघा, आता तिला कळलंसुद्धा नाही."

दर दोन-तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी आमचा हा कार्यक्रम असायचा. नखं दहा मिनिटांची, चहा तासभराचा. सोसायटीच्या सूचनाफलकावर लागलेल्या सूचना त्या येता-जाता पेन्सिलीने शुद्ध करायच्या. सेक्रेटरींनी एकदा 'पाणी जपुन वापरा' असं लावलं, तर त्याखाली त्यांनी लिहिलं, 'ऊकारही'. मला हे फार आवडायचं, कारण माझं पोटच तशा चुकांवर चालतं. त्यांचा मुलगा मंदार खराडीला राहायचा, मोठ्या पदावर होता. त्याचा फोन रविवारी अकरा वाजता यायचा. अकरा वाजत आले की त्या चहाचा कप अर्धा ठेवून खाली जायच्या. "गावात असून परदेशात असल्यासारखा आहे तो," एवढंच एकदा म्हणाल्या, नंतर कधी नाही.

पुढच्या वर्षी मला डेंगी झाला. आठ दिवस मी हॉस्पिटलमध्ये होते. बुंदी विजूताईंकडे राहिली. माझ्या घराची किल्ली त्यांच्याकडे दिलेली होतीच. घरी आले तेव्हा फरशी पुसलेली, फ्रिजमध्ये मुगाची खिचडी, आणि टेबलावर कागद: बुंदी किती वाजता जेवली, किती वेळा फिरली, आठही दिवसांचा. खाली एक ओळ: 'तुझी आठवण काढते. दाराकडे बघते. पण जेवते.' तो कागद मी कितीतरी दिवस जपून ठेवला होता. मला आई नाही, बहीण नाही. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. आजारी पडल्यावर कुणीतरी आपल्या कुत्र्याच्या वेळा लिहून ठेवल्यात, हे माझ्यासाठी किती होतं हे मी त्यांना कधी नीट सांगितलं नाही.

त्यानंतरच्या मार्चमधला एक रविवार. शेजारच्या फ्लॅटमध्ये काम काढलेलं होतं, पण सुट्टीच्या दिवशी ते बंद असायचं. विजूताईंनी बुंदीचा डावा पाय हातात घेतला होता आणि अंगठ्याचं नख कात्रीत होतं. तेवढ्यात आमच्या भिंतीलगत ड्रिल सुरू झालं. बुंदी दचकली, पाय झटकला, कात्री मिटली. काळं रक्त आलं. बुंदीने किंकाळी फोडली आणि विजूताईंच्या हाताला, अंगठ्याच्या मुळाशी, चावली. क्षणभरच. लगेच सोडलं आणि पलंगाखाली गेली.

मी घाबरून गेले. विजूताई घाबरल्या नाहीत. उठल्या, हात नळाखाली धरला, साबण लावला, दहा मिनिटं घड्याळ लावून धुतला. मग मला म्हणाल्या, "आधी तिला बघ. कॉर्नफ्लोअर दाब."

"ताई, तुमचा हात—"

"माझं मी बघते. चूक माझी आहे. हात तिच्या पायावर होता आणि कान भिंतीकडे. कात्री आधीच काढायला हवी होती. तिने काय करायचं होतं, आभार मानायचे?"

त्याच दिवशी त्या डॉक्टरांकडे गेल्या. बुंदीची लस झालेली होती, तरी त्यांनी स्वतःची सगळी इंजेक्शनं घेतली. "नियम म्हणजे नियम." जखमेचा त्या रोज एक फोटो काढायच्या, लाली वाढते की उतरते हे समजायला. मला दाखवायच्या, जशा लॅबमध्ये रिपोर्ट दाखवत असतील. दोन आठवड्यांत हात बरा झाला.

आणि त्यांनीच मला सांगितलं, "हे कुणाला बोलू नकोस. विचारलं तर विळीवर कापलं म्हणायचं. सोसायटीत एकदा का 'चावली' असं झालं की पुढचं काही कुणी ऐकत नाही." मी म्हटलं, "पण खोटं कशाला?" तर म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही. तिच्यासाठी." मला ते इतकं बरं वाटलं, की मी पुढे तीन-चार जणांना विळीची गोष्ट सांगितली. खालच्या मजल्यावरच्या देसाई वहिनींना तर सविस्तर सांगितली, कोणती भाजी चिरत होत्या ते धरून.

दिवाळीनंतर मंदारची बायको बाळंत झाली. मुलगी झाली. विजूताईंनी सोसायटीत सगळ्यांना पेढे वाटले, बुंदीसाठीही एक आणला आणि मग स्वतःच म्हणाल्या, "नको, तिला गोड नको." आणि खाऊन टाकला. इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सून आणि नात काही महिने त्यांच्याकडे राहायला येणार होत्या, कारण सुनेच्या आईची तब्येत बरी नव्हती. विजूताईंनी मागची खोली रंगवून घेतली. नंतरच्या दोन रविवारी त्या वर आल्या नाहीत. मला वाटलं, गडबडीत असतील. बुंदीची नखं मीच कापली. तोवर मला येत होतं.

मग एका संध्याकाळी ऑफिसातून निघताना सोसायटीच्या व्हॉट्‌सअ‍ॅप ग्रुपवर एक पत्र आलं. मी ते लकडी पुलाच्या थांब्यावर उभं राहून वाचलं. सेक्रेटरींना लिहिलेलं, टाइप केलेलं, एकही शुद्धलेखनाची चूक नसलेलं पत्र. 'सोसायटीतील ज्येष्ठ सदस्या श्रीमती विजया खळदकर यांना फ्लॅट क्रमांक तीनशे दोनमधील कुत्रीने कोणतेही कारण नसताना गंभीर चावा घेतला असून, कुत्रीच्या मालकिणीने ही घटना आजतागायत दडवून ठेवली, इतकेच नव्हे तर त्याबद्दल सदस्यांची दिशाभूल केली.' सोबत फोटो होता. रोजच्या फोटोंमधला तिसऱ्या दिवशीचा, हात सर्वांत जास्त सुजलेला होता तो. आणि खाली निळ्या शाईत सही. मी ती सही ओळखत होते. पार्सल घेताना, सोसायटीच्या वहीत, कितीदा पाहिली होती.

खाली एकेकाचे संदेश येत होते. देसाई वहिनींचा पहिला: 'आम्हाला तर विळी सांगितली होती!!'

मी थेट दुसऱ्या मजल्यावर गेले. दार विजूताईंनीच उघडलं. आत मंदार सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता, तो उठला नाही. मी फोन त्यांच्यासमोर धरला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मजकूर मंदारचा. सही माझी."

मला वाटलं होतं त्या नाकारतील. निदान फसवून सही घेतली, असं काहीतरी म्हणतील. मी ते मानायला तयार होते.

"ताई, विळीवर कापलं म्हणून सांग, हे मला कुणी सांगितलं?"

"मी."

"मग दडवून ठेवलं मी कसं?"

आतून मंदार म्हणाला, "हे बघा, घरात नवजात बाळ येतंय. लिफ्टमध्ये, जिन्यात ते जनावर असणार. माझ्या बायकोने फोटो पाहिल्यावर ती यायलाच तयार नाही. तुम्ही आमच्या जागी असतात तर काय केलं असतं?"

मी त्याच्याशी बोलत नव्हते. मी विजूताईंना म्हटलं, "मला आधी सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू मला थांबवलं असतंस," त्या हळू म्हणाल्या. "आणि मी थांबले असते."

मी एवढंच म्हटलं, "माझी किल्ली द्या."

त्या आत गेल्या. किल्ली दाराजवळच्या खुंटीवरच होती, पण त्या आत जाऊन परत आल्या आणि मग खुंटीवरून काढून दिली.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये सभा झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वीस-पंचवीस माणसं. ओळखीच्या वकीलबाईंनी मला सांगून ठेवलं होतं, की सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, घाबरू नकोस. मी घाबरले नव्हते. मला एकच आशा होती: तिथे, सगळ्यांसमोर, विजूताई खरं सांगतील. मजकूर मुलाचा असेल, पण तोंड त्यांचं होतं. रक्ताच्या बाटलीला चुकीचं नाव लागू नये म्हणून तीस वर्षं प्रत्येक लेबल दोनदा वाचणारी ती बाई होती.

मी उभी राहून सगळं सांगितलं. रविवार, नख, ड्रिल, कात्री, शीर. कुणी दात-ओठ खात नव्हतं, लोक ऐकत होते. सेक्रेटरी भले गृहस्थ, त्यांनी विचारलं, "विजूताई, असं झालं का?"

विजूताई बसल्याच होत्या. मंदार त्यांच्या खुर्चीच्या मागे उभा होता.

"मी नखं कापत होते, हे खरं आहे," त्या म्हणाल्या.

मी श्वास सोडला.

"पण शीरबीर काही कापली गेली नव्हती. या बाईंची कुत्री अचानक चावली."

'या बाईंची'. दोन वर्षं मी 'अनघा' होते, 'तू' होते. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या समोर, मोटारींच्या रांगेकडे पाहत होत्या. मला वाटलं, आत्ता कुणीतरी म्हणेल की हे खरं नाही. पण ते म्हणू शकणारं माणूस एकच होतं आणि ते बोलून झालं होतं. बाकी उरलं ते 'अचानक'. अचानक चावणारं कुत्रं. त्याच्यापुढे कोणता वकील काय करणार?

बंदी झाली नाही. नियम झाले. कुत्रा लिफ्टमधून न्यायचा नाही, तोंडाला जाळी बांधायची, आवारात थांबायचं नाही. बुंदी तिच्या अधू पायाने तीन मजले दिवसातून तीनदा चढायला लागली. दुसऱ्या मजल्यावर ती दर वेळी थांबायची, विजूताईंच्या दारासमोर. दम लागायचा म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे. पण ती दाराकडे तोंड करून, शेपूट हलवत उभी राहायची. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज यायचा आणि दार बंद असायचं. मी पट्टा ओढायचे. मे महिन्यात तिचा पाय सुजला, तेव्हा मी लढायचा विचार सोडला. शहराबाहेर मांजरी नावाच्या गावात मला तळमजल्यावरची भाड्याची जागा मिळाली. सामान निघालं त्या दिवशी विजूताई गॅलरीत उभ्या होत्या. खाली आल्या नाहीत. मीही वर पाहिलं, पण ओळख दाखवली नाही.

मांजरीतलं घर लहान आहे, पण समोर अंगण आहे. शेजारी बहिरट म्हणून शेतकरी कुटुंब आहे. त्यांची आजी पहिल्याच दिवशी कुंपणावरून म्हणाली, "कुत्रं गरीब हाय तुमचं. राहू द्या मोकळं." बस, एवढंच. मी दाराआड जाऊन रडले. बुंदीचा पाय दोन महिन्यांत सुधारला. नखं मी कापते. कापताना विजूताईंचं बोलणं कानात असतंच, त्याला माझा इलाज नाही. जे त्यांनी शिकवलं ते सगळं बरोबर होतं. हे मला सर्वांत जास्त त्रास देतं. माणूस सगळंच खोटं असतं तर विसरायला सोपं गेलं असतं.

यंदाच्या जानेवारीत, एका रविवारी दुपारी, खिडकीतून मला रस्त्यावर त्या दिसल्या. उसाच्या ट्रॉल्यांची रांग चालली होती आणि त्या कडेला थांबून, हातातल्या चिठ्ठीवरचा पत्ता पाहत होत्या. अंग आणखी बारीक झालं होतं. दोन बस बदलून आल्या असणार. बुंदी आतल्या खोलीत पलंगावर झोपली होती. मी आत गेले, त्या खोलीचं दार ओढून घेतलं, कडी लावली आणि मग बाहेरचं दार उघडलं.

"वॉचमनकडून पत्ता घेतला," त्या म्हणाल्या. "बसू का?"

मी खुर्ची दिली, पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. आत हाताने लिहिलेल्या पत्राची प्रत होती, सेक्रेटरींच्या नावे. त्यात सगळं होतं. वार, वेळ, ड्रिल. 'नख कापताना शीर माझ्याकडून कापली गेली. वेदनेमुळे कुत्री चावली. चूक माझी होती. हे कोणाला सांगू नये, असे श्रीमती अनघा यांना मीच सांगितले होते. सभेत मी खोटे बोलले.' खाली तीच निळी सही.

"सोमवारी दिलं. फलकावरही लावलं. कुणीतरी काढलं, मी परत लावलं."

"आता काय उपयोग त्याचा?"

"काही नाही. तुमच्या घराचं काही भरून येणार नाही, ते कळतंय मला." त्या पुन्हा 'तुम्ही'वर आल्या होत्या.

"मग इतके दिवस का लागले?"

त्यांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला. "मी आयुष्यभर समजत होते की मी स्पष्ट बोलणारी आहे. लोकांना टोमणे मारणं वेगळं आणि खरं बोलणं वेगळं, हे कळायला वर्ष गेलं. नात पाच महिने राहिली. मग ते खराडीला परत गेले. दर वेळी तिला मांडीवर घेतलं की मला पार्किंग आठवायचं. पण ती जाईपर्यंत तोंड उघडलं नाही. ती जाईल, ही भीती होती. भित्री आहे मी, अनघा."

मी पत्राची घडी घातली. मला वाटलं होतं असं काही कधी घडलं तर मी चिडेन, किंवा रडेन, किंवा मोकळी होईन. तसं काहीच झालं नाही. मला फक्त तो पार्किंगमधला क्षण दिसत होता, श्वास सोडल्यानंतरचा.

"बुंदी?" त्यांनी विचारलं. "दिसत नाही."

ती आली असती तर काय झालं असतं हे मला ठाऊक होतं. धावत आली असती, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं असतं, शेपटीने खुर्ची बडवली असती. एका क्षणात सगळं माफ करून टाकलं असतं, माझ्या वाट्याचंसुद्धा. ते मला पाहवलं नसतं.

"शेजारचे फिरायला घेऊन गेलेत," मी म्हटलं.

दुपारचे दोन वाजले होते. अंगणात कडक ऊन होतं. विजूताईंनी दाराशेजारच्या खिळ्याकडे पाहिलं. तिथे बुंदीचा पट्टा लटकत होता. मग त्यांनी आतल्या खोलीच्या बंद दाराकडे, लावलेल्या कडीकडे पाहिलं. रक्त काढणाऱ्या माणसाची नजर ती, तिच्यातून काय सुटणार?

"हो का," त्या म्हणाल्या. पेला खाली ठेवला, पदर सावरला. "बरं. निघते मग."

फाटकापर्यंत मी गेले नाही. ट्रॉल्यांच्या धुळीत त्या थांब्याच्या दिशेने चालत गेल्या आणि वळणावर दिसेनाशा झाल्या. तेव्हा कुठे मी आतली कडी काढली. बुंदी जागी होती. बाहेर आली, सरळ त्या खुर्चीपाशी गेली, खुर्चीचे पाय, बैठक, जमीन, सगळं हुंगून काढलं. पुन्हा पुन्हा. मग बाहेरच्या दारापाशी जाऊन उभी राहिली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी दार उघडलं नाही.